शाळेचा दोष मुलाच्या स्वभावात शोधू नका

वाचक आईचे पत्र (संक्षिप्त): "मी मूळची साताऱ्याची, गेली बरीच वर्षे न्यू जर्सीत राहते. माझे पती कृष्णवर्णीय अमेरिकन असून त्यांचे सगळे कुटुंब नेवार्कचे आहे. आमचा मुलगा १२ वर्षांचा, सातवीत आहे. आमच्या उपनगरातील शाळेत कृष्णवर्णीय मुले मोजकीच आहेत. पाचवीपर्यंत हा मुलगा वर्गात सतत हात वर करायचा. यंदा हसण्या-बोलण्यावरून त्याला अनेकदा वर्गाबाहेर पाठवले गेले आणि 'उद्धट वर्तना'साठी दोन दिवस निलंबित करण्यात आले. त्याच्याबरोबर तेच करणारा गोरा मित्र मात्र समज देऊन सोडला गेला. गुण चांगले असूनही गणिताच्या वरच्या तुकडीत त्याचे नाव आले नाही. वर्गातला एक मुलगा त्याच्या केसांवरून माकडाचे आवाज काढतो. आता रविवारची संध्याकाळ झाली की त्याचे पोट दुखते. परवा तो म्हणाला, 'त्यांना मी वाईटच वाटतो ना, मग तसाच वागतो.' मी सांगते, दुर्लक्ष कर आणि दुप्पट अभ्यास करून दाखव. पती म्हणतात, मान खाली घालून राहायला शिक, जग असेच आहे. साताऱ्याहून आई व्हिडिओ कॉलवर म्हणते, 'ते डोक्यावरचं जंगल काप की रे.' मी उगाच मोठा विषय करते आहे का? शाळा बदलावी का? आणि त्याने स्वतःला नक्की कोण समजावे?"

उत्तर:

तुम्ही उगाच मोठा विषय करत नाही. उलट तो थोडा उशिराच मोठा होतो आहे असे मला वाटते. तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. एक आहे शाळेच्या वागणुकीचा आणि दुसरा त्या वागणुकीने मुलाच्या मनावर होत असलेल्या परिणामाचा. तुमच्या घरातील तिन्ही मोठी माणसे, म्हणजे तुम्ही, तुमचे पती आणि तुमच्या आई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुलामध्येच शोधत आहात: त्याने जास्त अभ्यास करावा, त्याने मान खाली घालावी, त्याने केस कापावेत. तिघांच्याही मनात माया आहे याविषयी मला शंका नाही, पण त्याच्या बाजूने पाहिले तर तिन्ही सल्ल्यांचा अर्थ एकच निघतो, की जे काही बिघडले आहे ते त्याच्यात बिघडले आहे, आणि शाळाही त्याला नेमके तेच सांगते आहे.

आधी शाळेविषयी. दोन मुलांनी एकच खोडी करावी आणि शिक्षा एकालाच व्हावी, हा तुमच्या मुलापुरता योगायोग नाही. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने गोळा केलेल्या २०१७-१८ च्या आकडेवारीनुसार सरकारी शाळांत कृष्णवर्णीय विद्यार्थी सुमारे १५ टक्के होते, तर निलंबित झालेल्या विद्यार्थ्यांत त्यांचे प्रमाण सुमारे ३८ टक्के होते. याहून अस्वस्थ करणारा आकडा बालवर्गांचा आहे: तेथे कृष्णवर्णीय मुले सुमारे १८ टक्के आणि निलंबित झालेल्यांत सुमारे ४३ टक्के. चार वर्षांच्या मुलाच्या 'उद्धट वर्तना'विषयी काय बोलावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

हे कसे घडते, याचा एक प्रयोग तुम्हाला विशेष उपयोगी पडेल. जेसन ओकोनोफुआ आणि जेनिफर एबरहार्ट या मानसशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिक्षकांना एका विद्यार्थ्याच्या दोन किरकोळ गैरवर्तनांची नोंद वाचायला दिली होती. मजकूर सगळ्यांना तोच होता. फरक इतकाच, की काही नोंदींवर सहसा गोऱ्या मुलांचे असते तसे नाव होते आणि काहींवर सहसा कृष्णवर्णीय मुलांचे असते तसे. पहिल्या चुकीला शिक्षकांच्या प्रतिक्रियेत फारसा फरक पडला नाही. दुसऱ्या चुकीला मात्र कृष्णवर्णीय नावाच्या मुलाविषयी त्यांची चीड अधिक वाढली, शिक्षा अधिक कडक सुचवली गेली आणि हा मुलगा मुळातच त्रासदायक आहे असे ठरवून टाकण्याकडे कल दिसला. एकाच्या दोन चुका ह्या दोन सुट्या घटना राहिल्या आणि दुसऱ्याच्या दोन चुकांचा स्वभाव झाला. हे शिक्षक काही दुष्ट नव्हते, आणि तुमच्या मुलाचे शिक्षकही बहुधा नसतील. म्हणूनच त्यांच्या हेतूवर वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांनी काय केले त्याच्या नोंदींवर बोलावे.

आता मुलाविषयी. 'तसाच वागतो' हे वाक्य ऐकून तुम्ही घाबरलात, ते स्वाभाविक आहे, पण त्याकडे बंडखोरी म्हणून पाहू नका. तो थकला आहे. आपल्याविषयी इतरांच्या मनात एक ठरलेले मत आहे आणि आपली प्रत्येक कृती त्या मताला पुरावा ठरू शकते, ही जाणीव ठेवून वर्गात बसणे हे अभ्यासाखेरीज करावे लागणारे वेगळे काम आहे. क्लॉड स्टील आणि जोशुआ आरन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांना अवघड भाषिक प्रश्न दिले. ही तुमच्या बुद्धीची परीक्षा आहे असे सांगितले, तेव्हा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची कामगिरी खालावली. तेच प्रश्न केवळ प्रश्न सोडवण्याच्या पद्धतीचा अभ्यास म्हणून दिले, तेव्हा ती फारशी खालावली नाही. या परिणामाचा आकार नेमका किती, यावर पुढे संशोधकांत बराच वाद झाला आणि तो मी लपवणार नाही. पण हात वर करणे थांबवलेला मुलगा ज्या घरात आहे, त्या घराला ही यंत्रणा समजायला प्रयोगशाळेची गरज पडू नये. हात वर केला नाही तर उत्तर चुकत नाही, आणि उत्तर चुकले नाही तर कोणाच्या हाती पुरावा लागत नाही, एवढे सरळ गणित तो मांडतो आहे.

यातली आणखी एक बाब पालकांच्या लक्षात सहसा येत नाही. या वयातील मुलांचे नैराश्य अनेकदा रडण्याऐवजी चिडचिडीतून दिसते. उत्तर देताना आवाज चढणे, डोळे फिरवणे, वही आपटणे ही त्याची रूपे असतात. एखाद्या गोऱ्या मुलात हेच दिसले तर 'काही बिनसले आहे का' अशी चौकशी होण्याची शक्यता अधिक असते आणि कृष्णवर्णीय मुलात दिसले तर शिस्तीचा प्रश्न उभा राहतो. फिलिप गॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासात असे आढळले, की साधारण दहाव्या वर्षापासून कृष्णवर्णीय मुलगे लोकांना त्यांच्या खऱ्या वयापेक्षा मोठे आणि कमी निरागस वाटू लागतात. ज्याला समुपदेशकाकडे पाठवायला हवे त्याला मुख्याध्यापकांकडे पाठवले जाते, आणि दुखणे तसेच राहून नोंद मात्र शिक्षेची होते. रविवारच्या पोटदुखीकडे म्हणूनच 'शाळा बुडवायचे निमित्त' म्हणून पाहू नका.

'दुप्पट अभ्यास कर' या तुमच्या सल्ल्याविषयी मला जरा सविस्तर बोलायचे आहे, कारण तो आपल्या लोकांना फार प्रिय आहे. कृष्णवर्णीय कुटुंबांतही तो पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. तुमच्या सासूबाईंनी तुमच्या पतींना तो दिला असेलच. त्याने अनेकांची आयुष्ये उभी राहिली, हे खरे आहे. पण त्याची किंमत शरीर चुकवते. जॉर्जिया विद्यापीठाचे जीन ब्रॉडी आणि त्यांचे सहकारी यांनी त्या राज्यातील ग्रामीण, गरीब कृष्णवर्णीय मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. त्यांतील जी मुले अतिशय संयमी आणि जिद्दी होती, त्यांची शाळेतील प्रगती चांगली होती, वागणूक चांगली होती, नैराश्य कमी होते; मात्र त्यांच्या शरीरावर ताणाच्या खुणा अधिक दिसल्या आणि पेशींचे वय वेगाने वाढताना आढळले. वरून सावरलेली, आतून झिजलेली अशी ती मुले होती. तुमचे घर गरीब नाही आणि तुमची शाळा खेड्यातली नाही, तेव्हा हा निष्कर्ष जसाच्या तसा तुमच्या मुलाला लावता येणार नाही. तरीही हुशारी हे अन्यायाला दिलेले उत्तर आहे असे त्याच्या मनात बसू देऊ नका. अभ्यास त्याला आवडतो म्हणून त्याने करावा. त्याचे प्रगतिपुस्तक म्हणजे त्याच्या माणूसपणाचा दाखला नव्हे.

शाळेशी मात्र तुम्ही बोलायलाच हवे, आणि तोंडी नव्हे तर लेखी. आपल्याकडे शिक्षकांना पत्र लिहिणे म्हणजे भांडण काढणे असे मानतात. अमेरिकेत लेखी नसलेली तक्रार झालीच नाही असे धरले जाते. पहिला ईमेल केसांवरून होणाऱ्या छळाविषयी लिहा. न्यू जर्सीत शाळेतील छळाविरुद्ध २०११ पासून लागू असलेला कडक कायदा आहे. वंशावरून केलेला छळ त्यात स्पष्टपणे येतो, प्रत्येक शाळेत त्यासाठी जबाबदार व्यक्ती नेमलेली असते, तक्रार आल्यावर शाळेच्या एका दिवसात चौकशी सुरू करावी लागते आणि लेखी तक्रारीपासून शाळेच्या दहा दिवसांत ती संपवावी लागते. ईमेलमध्ये विशेषणे नकोत. 'अमुक तारखेला, अमुक तासाला, अमुक जागी, माझ्या मुलाच्या केसांकडे बोट दाखवून माकडाचे आवाज काढण्यात आले; तेव्हा अमुक शिक्षक उपस्थित होते; ही छळाची लेखी तक्रार समजावी' एवढे पुरे. 'आम्हाला फार वाईट वाटले' हे वाक्य खरे असले तरी गाळा, कारण मग शाळा तुमच्या वाईट वाटण्याचे सांत्वन करते आणि घटना बाजूला राहते.

केसांचा मुद्दा तुमच्या राज्यात तर अजिबात किरकोळ नाही. डिसेंबर २०१८ मध्ये न्यू जर्सीतीलच एका शाळकरी कृष्णवर्णीय कुस्तीगीराला पंचांनी केसांच्या जटा कापा, नाहीतर लढत सोडा असे सांगितले, आणि आखाड्याशेजारी सगळ्यांदेखत त्याचे केस कापले गेले. त्याला एक वर्ष झाले तेव्हा, डिसेंबर २०१९ मध्ये, केसांच्या ठेवणीवरून होणारा भेदभाव हा वांशिक भेदभाव मानणारा कायदा राज्याने केला. हे तुमच्या आईंनाही सांगा.

दुसरा ईमेल शिस्तीच्या नोंदींविषयी असावा. १९७४ च्या केंद्रीय कायद्यानुसार पालकांना मुलाची शाळेतील सगळी कागदपत्रे पाहण्याचा अधिकार आहे आणि शाळेला ती ४५ दिवसांच्या आत दाखवावी लागतात. ती मागवा. प्रत्येक वेळी कोणी बाहेर पाठवले, कोणते कारण लिहिले, हे एका वहीत उतरवून काढा. बहुतेकदा एखाद-दुसऱ्या तासालाच हे पाणी मुरत असल्याचे दिसते. निलंबनाआधी मुलाला आरोप सांगून त्याची बाजू ऐकून घेतली होती का, हेही विचारा. थोड्या दिवसांच्या निलंबनासाठीसुद्धा हे आवश्यक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये दिला होता. तो खटला ओहायोतील कोलंबस शहरातल्या शाळांमध्ये १९७१ साली झालेल्या वांशिक अशांततेच्या काळात निलंबित झालेल्या विद्यार्थ्यांनी लढवला होता. म्हणजे तुमच्या मुलाला मिळणारा हा हक्क त्याच्यासारख्याच मुलांच्या खटल्यातून आलेला आहे, आणि हे त्याला सांगण्यासारखे आहे. वांशिक भेदभावाची तक्रार केंद्रीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडेही घटनेपासून १८० दिवसांत करता येते. पण २०२५ मध्ये त्या कार्यालयाची निम्म्याहून अधिक प्रादेशिक केंद्रे बंद करण्यात आली, तेव्हा सगळी भिस्त त्यावर ठेवू नका.

गणिताच्या तुकडीचे निकष लेखी मागा, गुण आणि शिक्षकांची शिफारस यांना किती वजन दिले तेही विचारा. गुण सारखे असतानाही कृष्णवर्णीय मुलांना विशेष बुद्धिमान मुलांच्या वर्गात कमी जागा मिळतात आणि शिक्षक कृष्णवर्णीय असतील तर हा फरक कमी होतो, असे जेसन ग्रिसम आणि ख्रिस्तोफर रेडिंग यांना २०१६ मध्ये आढळले. फ्लोरिडातील एका मोठ्या शालेय जिल्ह्याने शिफारशीऐवजी सरसकट सगळ्याच मुलांची चाचणी घेतली, तेव्हा अशा वर्गांत कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांची संख्या लक्षणीय वाढली. मुले तीच होती, फक्त पाहणाऱ्याची नजर मधून काढली गेली. सरळ विचारा: 'गुणांवर निवड केली असती तर याचे नाव असते का?'

शिक्षकांना भेटाल तेव्हा एक विनंती जरूर करा. डेव्हिड येगर, जेफ्री कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या प्रयोगात सातवीच्याच मुलांचे निबंध तपासून परत देताना काहींना चिठ्ठी जोडली, की माझ्या अपेक्षा फार उंच आहेत आणि तू त्या पूर्ण करू शकतोस हे मला ठाऊक आहे, म्हणून हे शेरे लिहिले आहेत. इतरांना निबंधावर अभिप्राय मिळावा म्हणून हे शेरे आहेत, एवढेच सांगितले. साधी चिठ्ठी मिळालेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी १७ टक्क्यांनी निबंध सुधारून दिला. उंच अपेक्षा आणि विश्वास सांगणारी चिठ्ठी मिळालेल्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक मुलांनी दिला. शेरा रागाने लिहिला आहे की विश्वासाने, ही मुलाच्या मनातली शंका त्या एका वाक्याने मिटते. कोणत्याही भल्या शिक्षकाला हे करायला फार श्रम पडत नाहीत.

तुमच्या पतींचे म्हणणे मला टाकाऊ वाटत नाही. पोलिसांनी अडवले तर हात दिसतील असे ठेव, दुकानात खिशात हात घालू नकोस, अशा गोष्टी कृष्णवर्णीय घरांत मुलांना सांगाव्याच लागतात आणि त्या न सांगणे ही चैन तुम्हाला परवडणारी नाही. मात्र इशारे आधी आणि अभिमान नंतर, किंवा अभिमान नाहीच, असा क्रम झाला की मुलाच्या वाट्याला फक्त भीती येते. डायान ह्यूज आणि इतर संशोधकांनी या विषयावरील अभ्यासांचा २००६ मध्ये आढावा घेतला. वांशिक वारशाचा अभिमान देणाऱ्या संगोपनाचे आत्मसन्मानावर बऱ्यापैकी सातत्याने चांगले परिणाम दिसले; नुसत्या सावधगिरीच्या शिकवणीचे परिणाम संमिश्र होते. तेव्हा शनिवारी बापलेकांनी नेवार्कमधल्या केशकर्तनालयात जावे, जिथे त्याच्या केसांचे काय करायचे हे कोणाला विचारावे लागत नाही आणि खुर्चीतला प्रत्येक जण आपल्या शाळेचे किस्से सांगतो. आणि पतींनी स्वतःच्या सातवीविषयी त्याच्याशी बोलावे. 'जग असेच आहे' हे वाक्य मुलाला जेवढे ऐकू येते, त्याहून मोठे काहीतरी ते बोलणाऱ्याच्या पोटात दडलेले असते.

शेवटचा प्रश्न ओळखीचा. १९४० च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे रंगाखेरीज सर्व बाबतींत सारख्या असलेल्या बाहुल्या ठेवल्या. चांगली बाहुली कोणती विचारल्यावर बहुसंख्य मुलांनी गोरी दाखवली, आणि तुझ्यासारखी कोणती म्हटल्यावर काही मुले रडली. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना वेगवेगळ्या शाळांत ठेवणे घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात या कामाचा आधार घेतला गेला, हे सर्वज्ञात आहे. कमी सांगितले जाते ते असे, की उत्तरेकडील मिश्र शाळांतील मुलांचा कल गोऱ्या बाहुलीकडे दक्षिणेतील विभक्त शाळांतील मुलांपेक्षा थोडा अधिकच होता. गोऱ्या मुलांशेजारी बाक मिळाला म्हणून मन सुरक्षित होत नाही. तुमच्या उपनगरी शाळेविषयी मला जे वाटते ते हेच.

तेव्हा 'मराठी की ब्लॅक' असा प्रश्न त्याच्यापुढे ठेवूच नका. बाहेरचे जग त्याला कृष्णवर्णीय म्हणूनच पाहणार आहे आणि ती ओळख त्याला घरात पूर्ण सन्मानाने मिळायला हवी. मराठीपण तिला पर्याय नाही आणि तिच्यापासूनची सुटका तर नाहीच. पण साताऱ्याकडूनही त्याला देण्यासारखे पुष्कळ आहे. ज्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, त्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती कृष्णवर्णीयांची गुलामी संपवण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना. साताऱ्याच्या शाळेत १९०० साली दाखल झालेल्या भीमराव आंबेडकरांना वर्गात वेगळे बसवले जाई. पुढे कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या त्याच विद्यार्थ्याने १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या प्रश्नांतील साम्य दाखवले, आणि ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिले. तुमचा जन्म कोणत्या घरातला हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि ते विचारण्याचे मला कारणही नाही. वर्गात वेगळे काढलेल्या मुलाची गोष्ट त्याच्या आजोळच्या गावातही घडली आहे, एवढे त्याला कळले तरी खूप झाले. आणि आजोळचा फोन आला की 'जंगल' आणि 'उन्हात जाऊ नको, आणखी काळा होशील' ही वाक्ये बंद, असे आईंना स्पष्ट सांगा. त्यांना ते टोचेल. टोचू द्या, एका आजीची नाराजी मुलाच्या वाट्याला येणाऱ्या टोमण्यापेक्षा नक्कीच स्वस्त आहे.

समुपदेशनासाठी थांबू नका. आधी मुलांच्या डॉक्टरांकडून पोटदुखीची तपासणी करून घ्या आणि त्यांनाच शाळेतला सगळा प्रकार सांगा. शक्य असेल तर कृष्णवर्णीय मुलांबरोबर काम केलेला मानसशास्त्रज्ञ शोधा. अमेरिकेत कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ फार थोडे आहेत, त्यामुळे वाट पाहावी लागू शकते, पण वंशाचा विषय निघाला की चर्चा बदलणारा समुपदेशक तुमच्या मुलाच्या कामाचा नाही. पहिल्याच फोनवर हे विचारता येते. मरणाचे बोलणे, आवडत्या वस्तू देऊन टाकणे, झोप पूर्ण बिघडणे असे काही दिसले तर त्याला थेट विचारा. विचारल्याने तो विचार मनात भरवला जात नाही. अशा वेळी मदतीसाठी अमेरिकेतला ९८८ हा दूरध्वनी क्रमांक दिवसरात्र चालू असतो. हे मी तुम्हाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासात ५ ते १२ वर्षे वयाच्या कृष्णवर्णीय मुलांमधील आत्महत्येचे प्रमाण त्याच वयाच्या गोऱ्या मुलांच्या जवळपास दुप्पट आढळले होते, आणि 'आपल्या मुलांत असे नसते' ही समजूत तुमच्या दोन्ही घराण्यांत असू शकते.

शाळा बदलण्याचा निर्णय आज घेऊ नका. दोन्ही ईमेलना शाळा कसे उत्तर देते ते पाहा. चौकशी मुदतीत झाली, नोंदी दाखवल्या, तुकडीच्या निवडीवर सरळ उत्तर मिळाले, तर याच शाळेत काम होण्यासारखे आहे. टाळाटाळ झाली किंवा तक्रारीनंतर मुलाच्या शिक्षा वाढल्या, तर वर्ष संपण्याची वाट न पाहता दुसरी शाळा शोधा. ती पाहायला जाल तेव्हा निकालाचे तक्ते बाजूला ठेवून शिक्षकांत कृष्णवर्णीय किती आहेत ते विचारा, कारण प्राथमिक शाळेत असा एखादा शिक्षक लाभलेली कृष्णवर्णीय मुले पुढे शाळा कमी सोडतात आणि महाविद्यालयात अधिक जातात, असे मोठ्या अभ्यासांत दिसले आहे. मग गणिताच्या वरच्या तुकडीच्या वर्गात पाच मिनिटे बसू देण्याची परवानगी मागा आणि तिथे कोण बसले आहे ते पाहा. मुलालाही बरोबर न्या. त्याचे मत तुमच्या मताइतकेच मोजा.